नववा हात

"मंडई पाडायला ज्यांचा विरोध आहे, त्यांनी हात वर करावेत," नगराध्यक्ष म्हणाले. आठ हात वर गेले. नववा गेला नाही.

तिनं आपला हात वर ठेवूनच मान वळवली. नववा हात तिच्या वडिलांचा होता. शेजारच्याच खुर्चीत, मांडीवर स्वस्थ पडलेला. तिला वाटलं, वय झालंय, नीट ऐकू आलं नसेल. तिनं कोपरानं ढोसलं. "बाबा, हात." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

अहो, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हा माणूस म्हणजे गावातला सगळ्यात जुन्या वळणाचा नगरसेवक. घरातला दिवा गेला तरी नवा आणायच्या आधी जुन्याचं काय चुकलं ते विचारणार, अशी त्यांची थट्टा व्हायची. 'मोडायला अक्कल लागत नाही' हे वाक्य त्यांनी सभागृहात इतक्यांदा म्हटलं होतं, की विरोधकसुद्धा ते त्यांच्याबरोबर सुरात म्हणायचे. शिवाय मंडईत त्यांचं स्वतःचं दुकान. कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं. जागा एवढीशी, की दोन गिऱ्हाईकं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. त्याच दुकानात बसून ती लहानाची मोठी झाली होती. आता मंडई गेली की दुकान गेलं, आणि त्या जागी गाड्या उभ्या करायला चार मजले.

पाडा म्हणणारे आठ हात आधीच मोजून झाले होते. इकडून नऊ आले असते तर मंडई वाचली असती. आठाला आठ झाले म्हणजे फैसला अध्यक्षांच्या मतावर, आणि अध्यक्ष पाडणाऱ्यांतले. यात न कळण्यासारखं काय होतं?

गटनेते मागून वाकले. चेहरा लालबुंद. "काका, काय चाललंय हे?"

"मास्तर आजारी आहेत," बाबा म्हणाले.

मास्तर म्हणजे समोरच्या बाजूचे सगळ्यात जुने सभासद. पाडणाऱ्यांचं नववं मत त्यांचंच. चार दिवस झाले, ते दवाखान्यात होते.

"आहेत ना आजारी. आपलं नशीबच म्हणायचं."

"एका बाजूचा माणूस अंथरुणाला खिळला, तर दुसऱ्या बाजूच्या एकानं हात खाली ठेवायचा. इथली रीत आहे. मी परवाच त्यांना तसा शब्द देऊन आलोय."

"कुठे लिहिलीय ही रीत?"

"लिहायची वेळ आली नाही कधी."

गटनेत्यांनी तिच्याकडे पाहिलं. तुझा बाप आहे, तूच बघ. निवडणुकीत दारोदार हिंडून 'आम्ही जपणारी माणसं' असं सांगत तिनं मतं मागितली होती, आणि ते शब्द याच माणसाच्या तोंडून उचलले होते.

"बाबा, दुकान जाईल आपलं," ती पुटपुटली. "मास्तर बरे असते तर इथे येऊन तुमच्याविरुद्धच हात वर करणार होते."

"म्हणून तर."

एवढ्यात शिपाई चिठ्ठी घेऊन आत आला. अध्यक्षांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "दवाखान्यातून निरोप आहे," ते म्हणाले. "तासाभरापूर्वी मास्तर गेले."

सगळे उभे राहिले. बाबा टेबलाचा आधार घेत उठले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. नळाच्या पाण्यापासून स्मशानाच्या भिंतीपर्यंत, तीस वर्षांत एकाही गोष्टीवर या दोघांचं पटलं नव्हतं. बाबांचा खालचा ओठ थरथरत होता. तो त्यांना आवरता येत नव्हता.

मंडळी खाली बसतात न बसतात तोच गटनेते पुन्हा वाकले. धन्य आहे त्या माणसाची. मास्तरांना अजून घरीसुद्धा आणलं नव्हतं, आणि याची मोजणी सुरू. "काका, सुटलात तुम्ही. माणूसच राहिला नाही, तर शब्द कसला? अध्यक्षांनी अजून मत दिलेलं नाही. हात वर करा."

ऐकणाऱ्याला लाज वाटावी असं बोलणं होतं ते. पण खरं सांगायचं तर तिच्याही मनात नेमकं तेच आलं होतं, आणि तेव्हा तिला लाज वाटली नव्हती, हायसं वाटलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "आता कुणी तुम्हाला विचारायला येणार नाही."

अध्यक्षही थांबले. विरोधातला माणूस, पण त्यांनी घाई केली नाही. "तुमचं मत द्यायचं असेल तर अजून वेळ आहे," ते म्हणाले.

बाबा तिच्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते. आपल्या पोटच्या पोरीला एवढी साधी गोष्ट समजू नये, याचाच त्यांना धक्का बसलेला दिसत होता.

"अगं, मास्तर असते तर आत्ता उठून दवाखान्यात गेलो असतो. हात जोडून म्हणालो असतो, मास्तर, माझा एवढा एक शब्द परत द्या. मोठ्या मनाचा माणूस, दिलाही असता," ते म्हणाले. "आता तो कुणाकडून परत आणू?"