हातावर वाढीन

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सत्काराची शाल अंगावर पडली, तरी द्वारकामावशीचं लक्ष पंगतीकडेच होतं. जन्मभर कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या. पोरांची जेवणं उरकल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

शाल सावरत ती वाढायला निघाली, तेवढ्यात टक्कल पडलेल्या साळवीनं तिला दंडाला धरून पानावर बसवलं. "आज आम्ही वाढणार."

दुसरी पुरणपोळी आली, तसा मावशीनं ताटावर हात आडवा धरला. "पुरे रे. एकटीला जेवण जात नाही आता."

"हात काढा मावशी, नाहीतर हातावर वाढीन!" साळवीनं दरडावलं. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीनं उपाशी उठणाऱ्या साळवीला ती अशीच दरडावायची.

मावशीनं हात काढला. डोळ्यांना पदर लावायला तो हवाच होता.