कारंज्याची बस

"रविवारी गाडीनं नेते, आई," असं म्हणता म्हणता सुनेचे तीन रविवार कामात गेले. परवा परतीचं विमान होतं. नाचणारं कारंजं बघायला हौसाबाई लास वेगासच्या सिटी बसमध्ये एकट्याच चढल्या.

कंडक्टर थांब्याचं नाव पुकारेल म्हणून वाट बघत राहिल्या, पण कंडक्टर नव्हताच. कारंजं खिडकीतून मागं पडताना दिसलं, तेव्हा त्यांनी एसटीला मारावी तशी पत्र्यावर थाप मारली. सगळी बस वळून बघू लागली. शेजारच्या म्हातारीनं हसून खिडकीवरची दोरी ओढली आणि पुढच्या थांब्यावर बस थांबली.

उन्हातून मागं चालत कारंज्यापाशी पोचल्यावर त्यांनी सुनेला फोन लावला.

"तिथंच थांबा, गाडी घेऊन येते."

"गाडी नको. बसनंच ये. उतरताना दोरी ओढावी लागते, तुला कुठलं ठाऊक असणार?"