बांधाखालची दुपार

विनोदिनीने काचेचा पेला भाटकारांच्या हातात दिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. पेल्यात बांधाच्या पायथ्याशी, तिच्या परसात पाझरणारं पाणी होतं. तळाशी लाल मातीचा नखाएवढा थर बसला होता.

"चार दिवस पाऊस लागलाय, आणि तुला पाणी नितळ हवं?" कृष्णनाथ भाटकार हसले.

"हे पावसाचं नाही, काका. परवापर्यंत हा पाझर नितळच होता. आता बांध आतून माती सोडतोय. सांडव्याच्या फळ्या काढा, तळीतलं पाणी उतरू दे."

"आणि शिगम्याच्या उन्हात माझ्या पोफळींना काय पाजू? हा पेला?"

कोरगावच्या त्या उतारावर बांध भाटकारांचा, तळी भाटकारांची, पोफळीही त्यांच्याच. बांधाच्या अगदी खाली घर मात्र एकट्या विनोदिनीचं. नवरा खाणीच्या ट्रकावर, शनिवारी यायचा. एरवी घरात ती आणि तीन वर्षांची देवकी. गणपतीची चवथ झाली, आता पाऊस ओसरला, असं धरून भाटकारांनी यंदा महिनाभर आधीच सांडव्याला फळ्या लावल्या. पाऊस पुन्हा लागला आणि तळी काठोकाठ भरली.

तेव्हापासून ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. सोमवारी त्यांनी बांधाखालच्या खोपीतला पंप उचलून नेला. दुरुस्तीला, म्हणाले. मंगळवारी म्हैस वरच्या गोठ्यात गेली. खाली मच्छर फार, म्हणाले. पंप वर, म्हैस वर. खाली कोण उरलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ह्या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि हा गोड बोलून दिवस काढतोय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"शिकलीस ना, म्हणून भितेस," भाटकार म्हणाले. "माझ्या आज्यानं घातलेला बांध हा. राखणदार देवाला वर्षाचा नारळ, रोट कधी चुकला नाही. साठ वर्षांत ढेकूळ हललेलं नाही."

त्यांचं बोट धरून नात उभी होती. चार वर्षांची शालिनी, चवथीला म्हापशाहून आलेली. विनोदिनीने तिच्याकडे पाहिलं.

"मग आजची दुपार हिला इथंच ठेवा. देवकीशी खेळेल. संध्याकाळी न्या."

ती वाट पाहत राहिली. आता त्यांची मूठ घट्ट होईल. काहीतरी निमित्त निघेल, जेवणाचं, नाहीतर सर्दीचं. ते निघालं की पंचायतीत जाऊन सांगायला ती मोकळी.

भाटकारांनी बोट सोडवून घेतलं.

"राहा गो बाय. मलाही तेवढीच डुलकी मिळेल. हिला माशाचं हुमण तिखट नको हां, विनोदिनी."

छत्री उघडून ते बांधावरून निघाले. मधोमध थांबले, चपलेनं कुर्लीनं पोखरलेलं एक बीळ बुजवलं, वरून पोरींना हात केला आणि झाडांआड गेले.

इतके दिवस विनोदिनी एका लबाड माणसावर पहारा करत होती. लबाड माणूस आज ना उद्या घाबरला असता, आपल्या नातीसाठी तरी फळ्या काढायला धावला असता. हा माणूस जे बोलत होता, ते त्याला खरंच वाटत होतं.

पेटती चूल तशीच टाकून तिने देवकीला कडेवर घेतलं, शालिनीचं मनगट धरलं आणि डोंगर चढायला लागली.