बगळ्याचा तिसरा वार

"तुम्ही चोर आहात. नवा भाग विकलात आणि त्याच्या आडून आमचा जुना खेळही बिघडवलात. वार अडवायला जेवढा वेळ मिळायचा, त्यातला निम्मा कापलात, आणि वर तोंडातून अवाक्षर नाही. उत्तर द्या."

एवढं लिहून त्याने पत्र कंपनीला पाठवलं. पाठवल्यावर पुन्हा वाचलं. मवाळच वाटलं.

व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणं हा त्याचा धंदा. या वेळी दोन सामुराई खेळांची आणि त्यांच्या नव्या, वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जोडभागांची तुलना करायची होती. 'कोरडी नदी' या पहिल्या खेळावर लिहून झालं होतं. नदी मोठ्या मनाची. तलवार अडवता नाही आली तर बाजूला उडी मारा, पळा, लांबून बाण सोडा. तिच्या जोडभागात नवं बेट, नवे भाले, सगळं सढळ हाताने दिलेलं. दुसरा खेळ 'राखेतला किल्ला' म्हणजे खडूस मास्तर. तिथे पळून भागत नाही. पातं अंगावर येतं नेमक्या त्या क्षणी बटण दाबायचं. पापणी लवली की मुंडकं गेलं.

किल्ल्यात एक तलवारबाज एका पायावर उभा राहतो. खेळणारे त्याला बगळा म्हणतात. दोन वार झटपट, मग दम खाऊन तिसरा. या बगळ्याला त्याने पूर्वी फोनवर गप्पा मारत लोळवलं होतं. जोडभाग घातल्यापासून तोच बगळा त्याला रोज आडवा करत होता. आणि दर वेळी तिसऱ्या वारालाच.

खेळ बिघडला असेल तर देव पावला. खेळ धड असेल, तर हात बिघडला होता.

हाताचं भय त्या घराला जुनं. वडिलांचा हात असाच गेला. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग चमचा धरवेना, मग वडीलच गेले. आजार रक्तातला आहे, मुलांत उतरायची शक्यता निम्मी, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी येऊन आईने हिशेब मांडला: मुलं दोन, म्हणजे एकाला होणार, एक सुटणार. त्या हिशेबाला कुणी आव्हान दिलं नाही. आईला मात्र त्या दिवसापासून कुणाकडे बघून हसावं तेच कळेना. तपासणी होते, हे बहीणभावाला ठाऊक होतं. पण आईच्या हिशेबाने आपली चिठ्ठी उघडली की दुसऱ्याचीही उघडते. त्यामुळे तपासणीला दोघांनाही कधी सवड झाली नाही.

त्याने ताईला बोलावून घेतलं. बगळा मारायला तिनेच तर त्याला शिकवलं होतं. तिला जमलं तर दोष आपल्या हाताचा, नाही जमलं तर खेळाचा. हे कारण त्याने तिला सांगितलं नाही.

"काय परीक्षक महाशय, दुकान सोडून यायला लावलंत?" ताई दारातूनच म्हणाली. तिचं केस कापायचं दुकान होतं.

"तुझ्यावाचून काय अडतंय तिथे?"

"काही नाही. हल्ली मी कात्रीला हातच लावत नाही. मुली कापतात, मी खुर्चीत बसून चुका काढते. मालकीण झाले ना!"

"चुका काढण्यात तुझा हात कोण धरणार! बस. बगळा मारून दाखव."

"मी? अरे, कित्येक महिन्यांत खेळले नाही."

"म्हातारी झालीस म्हण की."

"आण इकडे, शहाण्या."

पहिला वार तिने अडवला. दुसराही. तिसऱ्याला मुंडकं गेलं. ती पुन्हा खेळली, पुन्हा तिसऱ्यालाच मेली. मग पुन्हा.

त्याने चक्क टाळी वाजवली. "बघ! तुलाही येत नाही!"

"बहीण मेली आणि हा टाळ्या पिटतोय," ताई म्हणाली.

"खेळच बिघडलाय गं! मी ओरडून सांगत होतो."

"असेल बाबा." तिने कंट्रोलर हळूच खाली ठेवला.

तो शीळ घालत चहा करायला गेला. कप घेऊन आला तोवर कंपनीचं उत्तर येऊन पडलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. "वार अडवण्याच्या वेळेत कोणताही बदल केलेला नाही. खात्रीसाठी जोडभाग काढून, इंटरनेट बंद करून मूळ डिस्कवरचा खेळ खेळून पाहावा. आपल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत."

"दिलगीर म्हणे! थांब, यांचे दात यांच्याच घशात घालतो."

"राहू दे ना आता," ताई म्हणाली. "चहा पी."

पण त्याने सगळं काढून टाकलं आणि जुनी डिस्क घातली. बगळा एका पायावर उभा राहिला. पहिला वार. दुसरा. तिसरा त्याला स्पष्ट दिसला. त्याने अंगठ्याला सांगितलं. अंगठा हललाही, पण वरातीमागून घोडं. तो पुन्हा खेळला. पुन्हा तेच.

त्याने टीव्ही बंद केला. मोठ्याने रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट हलकं वाटलं. आईचा हिशेब एकदाचा सुटला होता.

"ताई, खेळ धड आहे," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "हात माझाच गेलाय. चिठ्ठी निघाली. आईला सांग, तू सुटलीस."

ताईने चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला.

"अगं, सुटलीस म्हणतोय मी!"

ती खाली बघत राहिली. त्याचं हसू तोंडावरच वाळलं.

"ताई, मगाशी तू मुद्दाम हरलीस ना? माझं मन राखायला? ए ताई... मुद्दामच ना? बोल की!"