शून्य घटना

स्टूल बाईंच्या कपाळावर बसलं आणि प्रयोगशाळेतला गलका एकदम बंद पडला.

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. डाव्या भुवईच्या वर कातडी उलली होती. रक्त चष्म्याच्या काचेवरून ओघळून समोरच्या अर्जावर ठिबकत होतं. 'मी स्वखुशीने शाळा सोडत असून परीक्षेला बाहेरून बसणार आहे,' असं अर्जावर छापलं होतं. खाली सहीची जागा कोरी होती.

"नाही करणार सही," मुलगी म्हणाली. दहावीतली, हाडापेराने मोठी. सगळे शिक्षक तिला पाठीमागे रणगाडा म्हणत. स्टूल अजून तिच्या हातात होतं. "नापास व्हायचं तर होईन. पण इथं बसून होईन."

शिपाई धावत आला. त्याने तिचा हात पाठीमागे पिरगाळला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, तशी त्याने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि तिला ओढत मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. मागून बाई आल्या, रुमाल कपाळावर दाबून. दुसऱ्या हातातला अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला.

मोठ्या सरांनी काही विचारलं नाही. कपाटावरची लाकडी पट्टी घेतली. "हात पुढे कर. उजवा."

पट्टी आडवी नाही, उभी. धार बोटांच्या सांध्यांवर. मुलगी बघत राहिली, ओठ आवळून. चौथ्या फटक्याला काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला. पट्टी शाबूत होती.

तेवढ्यात आई आली. शेजारच्या लाँड्रीतून तिला बोलावून आणलं होतं. कोपरापर्यंत हात ओले, साबणाचे. तिने बाईंचं रक्त पाहिलं आणि पायातली चप्पल काढली.

"बाईंवर हात टाकतेस? ह्यासाठी शाळेत घातली तुला?" तोंडावर, मानेवर, पाठीवर, जिथे बसेल तिथे. मुलगी अंग चोरून उभी राहिली, पण रडली नाही. बाई मध्ये पडल्या. एक फटका त्यांच्याच खांद्यावर बसला. आईच्या हातातून चप्पल गळून पडली.

"माफ करा हो, बाई. चुकून…"

"बस झालं सगळ्यांचं," मोठे सर म्हणाले. त्यांनी शिस्तीची नोंदवही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. "बाई, तुम्ही जिन्यावरून पडलात."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सोमवारी तपासणी आहे. दोनच गोष्टी बघतात ते. किती टक्के पास झाले आणि किती वेळा मारामारी झाली. शिक्षिकेवर हल्ला म्हणजे आपली श्रेणी एका झटक्यात खाली. तेव्हा घटना शून्य." मग ते आईकडे वळले. "आणि तुम्ही हिच्या अर्जावर सही करा. ही पास होणार नाही. अकरा जणांची यादी होती, दहा जणांनी मुकाट्याने सह्या केल्या."

आईने हात पदराला पुसले. "कुठे करू?"

यादी बाईंनी केली होती. वळणदार अक्षरात, चाचणीचे मार्क बघून, एका दुपारी.

"थांबा," बाई म्हणाल्या. "सर, दोन्ही होणार नाही. घटना लिहायची तर लिहा आणि हिला काढा. नसेल लिहायची, तर ही वर्गात बसेल. सही झाली, तर सोमवारी मी हे कपाळ घेऊन त्यांच्यासमोर उभी राहीन."

"तुमच्या डोक्याला मार लागलाय, बाई."

"लागलाय. म्हणूनच बोलतेय."

मोठ्या सरांनी रक्ताळलेला अर्ज टेबलावरून उचलला आणि फाडला. दोनदा, चारदा. मग वहीत त्या दिवसाच्या रकान्यात शून्य काढलं.

"ही नापास झाली तर टक्का तुमच्या नावावर."

"माझ्या नावावर."

आईला कामावर परत जायचं होतं. "बाईंना दवाखान्यात घेऊन जा," ती मुलीला म्हणाली, "आणि पाय धर त्यांचे."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. बाई पुढे, मुलगी दोन पावलं मागे, उजवा हात स्कर्टच्या खिशात. कोपऱ्यावर बाईंना चक्कर आली, तेव्हा तिने डाव्या हाताने त्यांना धरलं.

"इतक्या जोरात मारलंस," बाई म्हणाल्या.

"तुम्ही अर्ज सरकवलात, बाई. सही कुठे करायची तेही दाखवलंत." ती थांबली. "वर बघितलंसुद्धा नाहीत."

उरलेला रस्ता दोघी तशाच चालल्या, मुलीने दंड धरलेला.

डॉक्टर तरुण होती, घाईत होती. तिने बाईंना टेबलावर आडवं केलं, जखम पुसली, सुई तयार ठेवली, केसपेपर पुढे ओढला. "सहा टाके पडतील. कसं लागलं?"

"जिन्यावरून…" बाई म्हणाल्या.

"मी मारलं," मुलगी म्हणाली. "स्टुलाने."

डॉक्टरचं पेन थांबलं. तिने मुलीकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं. "हात बाहेर काढ बघू."

मुलीने हात काढला. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. मधलं बोट भलत्याच दिशेला वळलेलं, काळंनिळं.

"आणि हे? हेही स्टुलाने?"

मुलगी जमिनीकडे बघत राहिली. बाहेर कुणाचं तरी मूल केकाटत होतं.

बाईंनी कपाळावरचा कापूस स्वतःच दाबून धरला आणि उठून बसल्या.

"माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "आधी तिचा केसपेपर काढा. कुणी मारलं ते मी सांगते, तसं लिहा."