बिल्ला

इस्त्रीच्या शर्टावर इंदूने बिल्ला लावलेला बघून दिगंबर ड्रायव्हर वैतागला. "काढ गं तो. झोपेच्या डॉक्टरांकडे निघालोय, सत्काराला नाही."

इंदूने ऐकलं नाही. विनाअपघात सेवेचा तो पितळी बिल्ला तिने चिंचेने घासून लख्ख केला होता.

परवा घाटात भरली बस चालवताना त्याला क्षणभर डुलकी लागली. कंडक्टरलाही कळलं नाही. तरी त्याने गाडी कडेला घेतली, प्रवाशांना मागच्या बसमध्ये बसवलं आणि डेपोत स्वतःच सांगितलं, "तपासणी होईपर्यंत मला गाडी देऊ नका."

"आता कसला विनाअपघात?" तो पुटपुटला. "लोक हसतील."

"हसू देत," बिल्ला सरळ करत ती म्हणाली. "अहो, साहेबांनी दिला तेव्हा तो नुसता मिळाला होता. तुम्ही कमावलात परवा."