प्रकाशाच्या आधी

दुपारी साडेतीन वाजता सेन्सरने प्रकाश दिसल्याची खूण दिली. लेझर त्यानंतर चमकला.

काळ्या, बंद पेटीत सिलिकॉनचा तो चिमुकला चौकोन एकटाच होता. या खेपेतला हा शेवटचा सेन्सर. तो आज तपासून झाला नाही, तर प्रयोगशाळेत तपासणी करणाऱ्या ताईंची उद्याची सुट्टी बुडणार होती, आणि उद्या त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

"बघ रे लेटलतीफ," ताई सहकाऱ्याला म्हणाल्या, "या खोलीत वेळेआधी येणारंही कुणीतरी आहे."

"माझी बदनामी करायलाच आलंय ते," तो हसला. "थांबा, वायर बदलतो."

वायर बदलली, लेझरही बदलला. सेन्सर दर वेळी आणखी थोडा आधी बोलला. प्रकाश मात्र मागून आलाच. एकदाही चुकला नाही.

"आता सांग काय दिसतं ते!" सेन्सरला म्हणत ताईंनी लेझरचा प्लगच उपसला.

जितका उजेड जास्त, तितकी स्क्रीनवरची रेघ उंच. रेघ उसळली आणि थेट वरच्या कडेला जाऊन टेकली.

"एवढा उजेड आपल्याकडे आहे कुठे?" लेटलतीफने विचारलं.

प्लग ताईंच्या हातातच होता.

पाच वाजता बहिणीचा फोन आला. "ताई, निघालीस ना?"

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. सेन्सरने दाखवलेला तो प्रकाश अजून आलेला नव्हता.